चाळणीखालच्या पोस्टी

डावा हात गालाला लावून ती उजव्या हाताने 'टाका'चं बटण दाबत होती. 'आज सर्व्हरची देखभाल आहे.' टाका. 'कृपया एकमेकांशी सभ्यपणे बोलावे.' टाका. 'हा प्रश्न आधी विचारला गेला आहे, शोधून पाहावा.' टाका. 'सर्वांना शुभ सकाळ.' इथे ती जरा थांबली, आणि मग तेही टाकून दिलं.

गेम खेळणाऱ्यांसाठी बातम्यांची फीड चालवणं हा त्या ऑफिसचा धंदा होता. गेम बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं आपापल्या फोरमवर जे काही लिहीत, ते गोळा करून एका जागी दाखवायचं. नवा नकाशा कधी येणार, कुठल्या तलवारीची धार कमी केली, हे वाचायला लोक जीव टाकत. पण कंपनीच्या नावाने लिहिणाऱ्यांत मॉडरेटरही असत, आणि मॉडरेटर म्हणजे भांडणं सोडवणारा, नियम सांगणारा, चर्चेच्या धाग्यांना कुलपं लावणारा माणूस. त्याच्या लिहिण्यात बातमी कुठून येणार? म्हणून मध्ये एक फिल्टर बसवला होता. ऑफिसात सगळे त्याला चाळणी म्हणत. चाळणीला जे रटाळ वाटे ते खालच्या ट्रेमध्ये पडे. ट्रेमधलं खरोखरच टाकाऊ आहे का ते बघायचं आणि चाळणीला शहाणं करायचं, हे तिचं काम. कंटाळवाणं वाचण्याचा पगार घेणारी जगात मी एकटीच असेन, असं ती सांगत असे, आणि ऐकणारे हसत.

"चारला पाहुणे येतायत. आटपा, आटपा."

दारात मॅनेजर उभा होता. त्याला सगळे आटपाच म्हणत. हे त्यालाही माहीत होतं, पण रागवायला सवड नव्हती. आज त्याने शर्ट इस्त्री केलेला घातला होता आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. एका मोठ्या मासिकाची संपादकबाई फीड विकत घ्यायची की नाही ते ठरवायला येणार होती.

"त्या ट्रेमध्ये ढीग दिसायला नको," तो म्हणाला. "ज्यांचं आजवर एकदाही काही वर गेलं नाही, ती नावं कायमची बंद करून टाक. ट्रेमध्येसुद्धा यायला नकोत. उगाच कशाला वाचत बसायचं?"

"करते."

"आणि वर एकजरी रटाळ पोस्ट दिसली ना, तर मी घरी बसेन. पण एकटा बसणार नाही, तुम्हालाही घेऊन बसेन."

तो गेला. तिने नावं उतरत्या क्रमाने लावली. सगळ्यात रटाळ माणूस सगळ्यात वर आला. नाव 'रखवालदार'. गेम 'दीपगृह'. वर गेलेल्या पोस्टी: एकही नाही.

तो तिचा सख्खा मोठा भाऊ होता. हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

'दीपगृह' हा खूप जुना गेम. दिव्याचा झोत फिरवायचा आणि अंधारातून येणारी जहाजं खडकांमधून किनाऱ्याला आणायची, एवढंच. घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर तेवढा एकच गेम होता, आणि दादाने पहिल्याच दिवशी नियम केले होते. एक डाव झाला की उठायचं. जहाज बुडालं तर रडायचं नाही. दुसऱ्याचा साठवलेला डाव पुसायचा नाही. घरातही तो मॉडरेटरच होता. ती धडाधड जहाजं बुडवायची, म्हणून तो तिला बुडवी म्हणायचा. एकदा चिडून तिने त्याचा अख्ख्या सुट्टीभर खेळलेला डाव पुसून टाकला. आता मार बसणार म्हणून ती पलंगाखाली जाऊन लपली. दादा आला, रिकामा पडदा बघत राहिला. मग खाली वाकून म्हणाला, "ये बाहेर. पहिल्यापासून खेळ. मी बाजूला बसतो." आणि खरोखरच संध्याकाळभर बाजूला बसून, खिशातला दम्याचा पंप मधूनमधून ओढत, तो तिला खडक दाखवत राहिला.

असा भाऊ. आणि त्याच्याशी ती दीड वर्ष बोलली नव्हती.

आईच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा दादाने आईला दवाखान्यातून घरी आणलं. तिला आणखी एक डॉक्टर बघायचा होता, आणखी एक औषध. ती बोलत राहिली, रडत राहिली, आणि दादा दारात उभं राहून म्हणाला, "आता हा विषय बंद." आई घरीच गेली. त्यानंतर तिने बॅग भरली ती भरलीच. त्या घरात आता तो एकटा राहत होता, रेल्वेने पाच तासांवर. फोन त्यानेही केला नाही, तिनेही नाही. दोघं एकाच आईची मुलं.

पण रोज सकाळी ती ट्रे उघडे आणि रखवालदाराची पोस्ट तिथे पडलेली असे. 'मागील धागा लांबल्याने बंद करत आहे. नवीन धागा इथे.' 'नियम सातवा पुन्हा वाचावा.' ती तेवढं वाचायची. पोस्ट आहे म्हणजे बरा आहे. मग 'टाका'चं बटण दाबायची आणि तिचा दिवस सुरू व्हायचा. तिच्यापुरती तीच दिवसाची मुख्य बातमी होती, पण तसं ती कुणाला सांगणार नव्हती, स्वतःलाही नाही.

"ताई, याला अजून ठेवलंय का?"

इंजिनिअर पोरगी शेजारी येऊन उभी राहिली होती. चाळणी तिने बांधली होती, त्यामुळे चाळणीचा तिला पोटच्या लेकरासारखा अभिमान होता. तोंडात च्युइंगम, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे.

"करतेय बंद. एकेक."

"याला काय बघायचंय? हा माणूसच नाहीये."

"म्हणजे?"

"थांब, दाखवते." पोरगीने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि पडद्यावर बारीक ठिपक्यांचं एक चित्र काढलं. "हे बघ. प्रत्येक ठिपका म्हणजे याची एक पोस्ट. आधी बघ कसे सांडल्यासारखे पडलेत, कधी सकाळी, कधी उशिरा, कुणाला उत्तर दे, कुणाला झाप. तेव्हा होता कुणीतरी. आणि इथून पुढे बघ."

इथून पुढे ठिपके एका सरळ रेषेत होते. पट्टी लावून काढावी तशी रेषा.

"रोज त्याच मिनिटाला, सेकंदसुद्धा हलत नाही," पोरगी म्हणाली. "पोस्टी आधीच लिहून ठेवल्यात, तारखा लावून. आणि मधे कुणी विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. माणूस मेला तरी हे वर्षभर चालेल बघ, कुणाला पत्ता लागायचा नाही." ती हसली आणि च्युइंगमचा फुगा काढला.

तिने त्या रेषेच्या सुरुवातीवर बोट ठेवलं. "इथून म्हणजे कधीपासून?"

"झाले असतील दोनेक महिने. का गं?"

"काही नाही."

दोन महिने. दोन महिने रोज सकाळी ती वाचत होती आणि मनात म्हणत होती, बरा आहे. समोर कुणी नव्हतंच. तिने उठून पाण्याची बाटली घेतली, ती भरलेली होती, तरी ती बाटली घेऊन बाहेर गेली.

कॉरिडॉरच्या टोकाला, जिन्यापाशी, तिने दादाचा नंबर लावला. नंबर तिने कधी पुसला नव्हता. तिला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. फोन बंद आहे, असं एका बाईने गोड आवाजात सांगितलं. तिने पुन्हा लावला. त्या बाईने पुन्हा तेवढ्याच गोड आवाजात सांगितलं.

मग मावशीला.

"अगंबाई, तू? सूर्य कुठे उगवला आज?"

"मावशी, दादाचं काही कळलंय का तुला?"

"मला? सख्खी बहीण तू आणि विचारतेस मला?"

"मावशी, सांग ना."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मावशी गॅस बारीक करून आली, तोवर ती जिन्याचा कठडा नखाने खरवडत राहिली.

"मध्ये केला होता त्याने फोन. झाले बरेच दिवस. आवाज अगदी खोल गेलेला, दोन शब्द बोलला की थांबत होता. मी म्हटलं दम लागतोय का रे, तर म्हणे, नाही, जिना चढून आलो. आता ते घर तळमजल्यावर. कसला जिना? पण तुला माहितीये ना तो, जास्त विचारलं की..."

"विषय बंद."

"हो ना. मग मी केला होता परत, तर लागेना. मला वाटलं नंबर बदलला असेल आणि तुझ्याकडे असेल. काय झालंय का गं?"

"नाही. बघते मी."

"बघ बाई. आणि कळव. माझा जीव टांगणीला लावून बसू नकोस."

ती जागेवर परतली. पावणेचार झाले होते. मोठ्या खोलीत आटपा पडद्याची वायर इकडून तिकडे ओढत होता. तिने 'दीपगृह'चा फोरम उघडला, रखवालदाराच्या नावावर क्लिक केलं आणि निरोप लिहायची खिडकी शोधली. 'रखवालदार निरोप स्वीकारत नाहीत,' असं उत्तर आलं. निरोपसुद्धा बंद. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग कळलं की तो राग नव्हता.

असं काय करावं की तो असेल तर त्याला यावंच लागेल?

ते तिला लगेच सुचलं. दीड वर्ष ती त्या फोरमचे नियम रोज वाचत होती. नियम सातवा: दुसऱ्याचा साठवलेला डाव पुसण्याच्या युक्त्या इथे मागू नयेत. फोरमवर कुणी सातवा नियम मोडला की रखवालदार इतर सगळी कामं टाकून यायचा. तिने नवं खातं उघडलं. नाव विचारलं तिथे 'बुडवी' लिहिलं. मग नवा धागा काढला: 'भावाचा साठवलेला डाव पुसून टाकायचा आहे. कसा पुसू?'

पाठवलं. आणि लगोलग खालचं 'तक्रार करा' हे बटण स्वतःच दाबलं. स्वतःची तक्रार स्वतः करणारी माणसं फोरमवर फार नसावीत.

"आल्या, आल्या," आटपा कुजबुजला. "चला. ट्रे स्वच्छ आहे ना? बंद केलीस ना नावं?"

"केली."

सगळी केली होती, एक सोडून.

संपादकबाई साठीच्या असतील. पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, बोलणं कमी. त्यांनी चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, आणि खुर्ची पडद्याच्या जवळ ओढून घेतली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्याचे दोन भाग केले होते, डावीकडे फीड, उजवीकडे खालचा ट्रे. ट्रे रिकामा होता. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी कीबोर्डवर बोटं ठेवून बसली. इंजिनिअर पोरगी भिंतीला टेकून उभी राहिली. च्युइंगम तिने गिळलं असावं.

आटपा बोलायला लागला. तो बरा बोलत होता. फीडमध्ये एक नवा नकाशा आला, एका गेमची तारीख पुढे गेल्याची बातमी आली, बाई मान डोलवत होत्या. ती फक्त ट्रेकडे बघत होती. ट्रे ढिम्म होता. तिचे तळवे ओले झाले होते आणि ते तिने आळीपाळीने कुडत्याला पुसले.

मग ट्रेमध्ये एक ओळ पडली.

"हे बघा!" आटपा खूश झाला. "आत्ता, तुमच्यासमोर. रटाळ पोस्ट आली आणि चाळणीने बाजूला काढली. कुणीतरी रखवालदार म्हणून आहे. काय म्हणतो? 'हा विषय बंद करत आहे. नियम सातवा वाचावा.' आता सांगा, हे तुमच्या वाचकांना कशाला हवंय?"

बाई हसल्या. ती खुर्चीत पुढे सरकली. आला. दादा आला. तिने पोरगीकडे पाहिलं, आणि पोरगीला वाटलं तिला काहीतरी विचारायचंय, म्हणून ती वाकून हळू आवाजात म्हणाली, "काही नाही गं, हेही आपोआपच. तक्रार आली की सातव्या नियमाचं ठरलेलं उत्तर जातं. माणूस लागत नाही त्याला."

पडद्यावरची ओळ तशीच होती. हा विषय बंद करत आहे. दीड वर्षापूर्वी हेच वाक्य ऐकलं तेव्हा निदान म्हणणारा समोर दारात उभा होता, रागावता तरी येत होतं. आता त्या वाक्यामागे कुणीच नव्हतं. बंद खोलीत एकटाच पडलेला दादा तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि बाहेर फोरमवर त्याच्या पोस्टी वेळेवर जाताहेत. संध्याकाळची कुठलीही गाडी मिळाली तरी पोचायला रात्र होणार. कुलूप असेल तर? कुलूप नसेल तर?

"...आणि हळूहळू चाळणी स्वतः शिकत जाते," आटपा सांगत होता. "असली नावं आम्ही कायमची..."

ट्रेमध्ये दुसरी ओळ पडली. त्याच धाग्यात. कुलूप लावलेल्या धाग्यात.

"पुन्हा तोच," आटपा म्हणाला. "बघा, किती चिवट असतात. पण चाळणीपुढे काही चालत नाही."

संपादकबाईंनी चष्मा डोळ्यांना लावला आणि ती ओळ सावकाश मोठ्याने वाचली, कारण त्यांना कुठलीही ओळ तशीच वाचायची सवय असावी.

"'पुसला असेल तर पहिल्यापासून खेळावा. मी बाजूला बसेन. हल्ली फार वेळ बसवत नाही, पण तेवढं बसेन.'"

ओळीपुढे चाळणीने आपला शेरा मारला होता: बातमी नाही. खाली नेहमीची दोन बटणं होती. पोरगी पडद्याकडे बघत सरळ उभी राहिली.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "हे ठरलेलं उत्तर नाहीये."

"माहितीये."

आजवर दादाची एकही पोस्ट तिने वर जाऊ दिली नव्हती. रोज वाचली होती आणि रोज टाकली होती. तिचं बोट सवयीने त्याच बटणावर गेलं, तिथे टेकलं, आणि तिच्या लक्षात आलं की यापुढे हे आपल्याला जमणार नाही. तिने शेजारचं दाबलं. ठेवा.

ओळ उजवीकडून नाहीशी झाली आणि डावीकडे, फीडच्या अगदी वर, नव्या नकाशाच्या डोक्यावर जाऊन बसली.

आटपाचं तोंड उघडं राहिलं. "हे... हे काय झालं? चुकून झालंय हं. चाळणीची काहीतरी..."

"चाळणी बरोबर होती," ती म्हणाली. "मी ठेवलंय."

"अगं पण कशाला? काय बातमी आहे त्यात?"

ती उठली. पर्स टेबलाखाली होती, ती घेतली. मोबाइलवर गाड्यांच्या वेळा आधीपासूनच उघड्या होत्या. संपादकबाईंनी चष्मा काढला आणि पडद्याकडे न बघता तिच्याकडे पाहिलं.

"पण हे वाचणार कोण?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, धंद्याचा प्रश्न होता.

"मी," ती म्हणाली. "मी रोज वाचते."

आणि दार लोटून ती जिन्याकडे निघाली, बाटली टेबलावरच विसरून.